न्यूट्रल आहे का?

माझ्या सासरच्यांना एका गोष्टीचा फार अभिमान. यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते. लग्नाच्या बोलणीतच आम्हाला ते तीनदा ऐकवलं गेलं. आणि त्या शूर घराण्यातून माझ्या वाट्याला आले हे, जे दिवाळीत फटाक्यांची लड लावायला शेजाऱ्याला बोलावतात.

यांचं नाव नंदकिशोर. देवास नाक्यावर मात्र सगळे नंदू म्हणूनच ओळखतात. तिथे यांचं छोटंसं दुकान आहे, ट्रक-मेटॅडोरचे सेल्फ दुरुस्त करायचं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला गरका देऊन जागं करणारी मोटर. ती बिघडली की कितीही चावी फिरवा, नुसतं ‘टक्’ वाजतं आणि गाडी ढिम्म. आवाज ऐकूनच दोष कुठे आहे ते हे ओळखतात. हात सोन्याचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती भित्रेपणाची.

गाडीखाली जायचं तर आधी हे स्वतः केबिनमध्ये चढणार. गियरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून तो न्यूट्रलमध्ये आहे ना, ते बघणार. मग चाकांना पुढून आणि मागून दगड. मग पुन्हा वर चढून पुन्हा दांडा. ड्रायव्हर लोक हसतात, “नंदू भिया, गाड़ी खा नी जायगी!” हे हसत नाहीत.

कारण मला ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी हे ज्या उस्तादाच्या हाताखाली होते, तो गाडीखालीच सापडून गेला. जुन्या डिझेल गाडीला चावी लागतेच असं नाही. खालून पेचकसाने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने, सेल्फला थेट करंट दिला की इंजिन फिरतं, आणि गाडी गियरमध्ये असली तर चाकंही फिरतात. “मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो,” एवढंच यांनी लग्नानंतर एकदा सांगितलं. पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण खोटं कशाला बोलू? तेवीस वर्षं रोज घरात भीतीच राहायला आली की कीव संपते आणि कंटाळा येतो. गॅसची शेगडी तीनदा बघायची, कुलूप चारदा ओढायचं, रस्ता ओलांडताना माझं मनगट पोलिसासारखं धरायचं. मी तोंडाने फटकळ आहे. चारचौघांत टोमणे मारायची.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवारी आम्ही महूला माझ्या माहेरी जेवायला गेलो. माझा धाकटा भाऊ पुष्कर तिथे राहतो, आणि त्याच्याकडे एक जुना ट्रक आहे. महिन्याभरापासून त्याचा सेल्फ रुसला होता. म्हणून पुष्कर गाडी घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून लावायचा. सकाळी ब्रेक सोडला की गाडी आपसूक घरंगळायची, आणि मग गियर टाकून तो ती चालू करायचा.

“जिजाजी, जेवायच्या पहले जरा देखून घ्या ना,” पुष्कर म्हणाला आणि आत आंघोळीला गेला.

यांनी शर्ट बदलला, पोतं अंथरलं. आधी बॅटरीला बल्ब लावून पाहिला, तो झक्क पेटला. बॅटरीच्या तारांची टोकं घासली, पुन्हा घट्ट केली. मला केबिनच्या पायरीवर उभं करून चावी फिरवायला लावली. टक्. “करंट येतोय,” हे म्हणाले, “खालून बघावं लागेल.” आणि सवयीप्रमाणे चाकांपुढे दगड लावून मागचे शोधू लागले.

आतून आईने हाक मारली. बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात पडले होते, भावजय ताटं घेत होती. समोरच्या ओट्यावर दोन बायका बसून आमचा तमाशा बघत होत्या. माझं डोकं सणकलं.

“अहो, चाकांपुढे लावलेत ना दगड? उतार पुढे आहे, गाडी मागे चढणार आहे का? बाफले ठंडे होऊन राहिलेत.”

“गियर बघतो अन्‌ लगेच—”

“मी बघितलाय. न्यूट्रल आहे.”

मी बघितला नव्हता. दांडा मला दिसला होता, पण त्याला मी हातही लावला नव्हता. आणि लावला असता तरी मला काय कळणार होतं?

यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवीस वर्षांत कुणाच्या शब्दावर न गेलेला हा माणूस, त्या दिवशी माझ्या शब्दावर गाडीखाली गेला. डावीकडून शिरले, पुढच्या चाकाच्या लगेच मागे. फक्त पाय बाहेर राहिले.

आधी पेचकसाची एक ठिणगी दिसली आणि टक् झालं. खालून आवाज आला, “आतले कार्बन अटकलेत. छोटी हातोडी दे.”

ती हातोडी मी माझ्या हाताने दिली. सेल्फवर हलकेच ठोकलं की आतले अडकलेले कार्बन, म्हणजे करंट पोचवणारे तुकडे, जागेवर येतात आणि मोटर तेवढ्यापुरती फिरते. हे मी यांच्याकडूनच ऐकलं होतं. हे ठोकू लागले.

तेवढ्यात पुष्कर डोकं पुसत ओट्यावर आला. “अक्का, जिजाजींनी गियर काढला ना? मी उतारावर रिव्हर्समध्येच लावतो, गाडी सरकत नाही. निघतानाच काढतो.”

रिव्हर्स. म्हणजे गाडी मागे जाणार. पुढच्या चाकामागे यांची छाती होती, आणि तिथे दगड नव्हता.

ठोकण्याचा आवाज थांबला. आता पेचकसाची पाळी, हे मला कळत होतं. मी इतकी घाबरले की क्षणभर मला यांचा चेहराच आठवेना, नुसते ते दोन पाय दिसत होते. मग कशीबशी ओरडले, “अहो!”

“आलो, आलो. ताटं वाढा म्हणावं.”

मी जमिनीवर बसले आणि दोन्ही घोटे धरून ओढलं. एक चप्पल हातात आली. पुन्हा धरलं, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. हे फरफटत बाहेर येता-येता यांच्या हातातला पेचकस सेल्फला लागला. मोटर गरगरली. ट्रकने मागे एक हिसका दिला, वीतभर, आणि पेचकस खाली पडला तशी गाडी थांबली. पुढचं चाक पोत्याच्या कडेवर चढलं होतं.

समोरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. यांची पाठ सोलवटली होती आणि हे त्या पोत्याकडे बघत होते. मी यांचे पाय सोडलेच नव्हते. पुष्करने माझी बोटं एकेक करून सोडवली.

मी म्हणाले, “मी बघितलं नव्हतं. खोटं बोलले.”

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. हे ओट्याच्या पायरीवर बसले.

“मी चहा आणायला गेलो नव्हतो,” हे म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

“उस्तादने खालून विचारलं होतं, ‘नंदू, न्यूट्रल है?’ मी बाहेर उभा होतो. वर चढायचा कंटाळा आला. म्हटलं, ‘हाँ उस्ताद, है.’” मग म्हणाले, “त्यांना ओढायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मला हलताच आलं नाही.”

ज्याला मी तेवीस वर्षं भित्रा म्हणत होते, त्याच्या शेजारी मी जाऊन बसले. बाफले खरंच गार झाले.

तासाभराने हे उठले. पुष्कर म्हणाला, “राहू द्या जिजाजी, आज नको.” पण यांनी चारही चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “वर चढ. गियर तू बघायचा.”

“मी नाही! पुष्करला सांगा. तुम्ही स्वतः बघा.”

“तूच. आता तू आयुष्यात कधी न बघता सांगायची नाहीस.”

यांनी दांडा कसा हलवायचा ते दाखवलं. मोकळा हलला तर न्यूट्रल, अडला तर गियर. मग पोतं सरळ करून हे खाली शिरले, आणि आतून आवाज आला, “अंबिका, न्यूट्रल आहे का?”

मी दांडा हलवला. मोकळा होता. पुन्हा हलवला. माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. मी तिसऱ्यांदा हलवला. खाली हे वाट बघत पडून होते.

“हो,” मी म्हणाले, आणि हे बाहेर येईपर्यंत दांड्यावरचा हात काढला नाही.