शिवकांताअक्काच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही, आणि ह्यांच्या तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? — मलाही माहीत नाही. जीव एका जागी ठरत नाही, एवढंच. आत गेले की बाहेर येते, बाहेर आले की आत जाते. आता बोलूनच टाकते.

आम्ही दोघं नोकरीवाले. मी नांदेडला शाळेत मास्तरीण, हे महसूल खात्यात कारकून. लातूर जिल्हा नवा झाला, नवी कचेरी उघडली आणि ह्यांची ऑर्डर तिकडं निघाली. माझी शाळा खासगी संस्थेची, मला बदली नाही. नांदेड ते लातूर एसटीनं चार तास — तेही गाडी मधे बंद पडली नाही तर. हे लातुरात बाकीच्या कारकुनांबरोबर एका खोलीत राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. मेसचं खाऊन खाऊन वाळून गेले होते. पोटाची तक्रार तेव्हाच सुरू झाली.

मग ह्यांनीच तोडगा काढला. अहमदपूर. बरोब्बर मधे. दोघांनी दोन-दोन तास जायचं, दोन-दोन तास यायचं, आणि रात्री एका घरात जेवायचं. "निम्मं तुझं, निम्मं माझं," म्हणाले. यात वाईट काय होतं, सांगा? मी हो म्हणाले. लई हौसेनं म्हणाले बरं का!

पण मनातून? मनातून मला एसटीत बसायचं नव्हतं. बस्स. शाळेतून दहा मिनिटांत घर, एक गल्ली सोडून आई, संध्याकाळी मैत्रिणी — हे सगळं सोडून मी रोज स्टँडवर धूळ खात का उभी राहू? आणि अजून एक — आता लपवून काय करायचं — आठवडाभर नवरा घरात नसण्याची मला गोडी लागली होती. एकटीपुरता भात टाकायचा, पाय पसरून वाचत बसायचं. हे माणूस म्हणून सोन्यासारखे, मला कसलाच जाच नव्हता. तरी पण.

त्यात दुष्काळ. नांदेडात नळ तीन दिवसाआड, अहमदपूरच्या बाजूला तर टँकरमागं बायका पळून राहिल्या होत्या. तेव्हा घर बघायला गेलं की लोक खोल्या नंतर बघायचे, आधी पाणी. आणि पाणी बघायचं म्हणजे नुसतं चाखायचं नाही — त्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. जड पाण्यात डाळ शिजत नाही, दाणा तसाच राहतो. शिजली तर घर घ्यायचं, नाही तर दुसरं बघायचं.

ह्यांना अहमदपुरात घर सापडलं. मालकीण शिवकांताअक्का — लिंगायत घरची विधवा बाई, मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर तिनं अंगणात दोन खोल्या बांधल्या होत्या. नवा जिल्हा झालाय, नोकरदार येतील, भाड्यावर आपलं भागेल, असा तिचा हिशेब. परसात विहीर, आणि त्या दुष्काळातही तिला पाणी! ह्यांनी गोडेतेलाच्या धुतलेल्या डब्यात ते पाणी भरून आणलं, एसटीत मांडीवर धरून. "उद्या डाळ लाव," म्हणाले आणि खुशीत झोपले.

मी डाळ लावली. थोड्या वेळानं झाकण काढून बघितलं — दाणा मऊ पडायला लागला होता. पाणी चांगलं होतं. म्हणजे आता घर घ्यायचं, सामान बांधायचं, रोज एसटी. आणि मी — कसं सांगू? — मी चिंचेच्या बरणीत हात घातला. चांगली मूठभर चिंच डाळीत टाकली. आंबट पडलं की डाळ तिथंच अडून बसते, मग कितीही जाळ लावा. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ह्यांना नव्हतं. रंग दिसू नये म्हणून वर हळद टाकली. तासाभरानं चिंच काढून घेतली आणि पळीत डाळ घेऊन ह्यांच्यासमोर धरली. ह्यांनी दाणा बोटात दाबून बघितला. "नाही शिजली गं," म्हणाले. किती पडलेल्या आवाजात! मी वर त्यांचीच समजूत काढली. ती डाळ शेजारच्या म्हशीला घातली.

इथंच थांबलं असतं तर मी म्हणाले असते, नवरा-बायकोतली गोष्ट आहे, चालायचंच. पण हे पडले सरळ. कचेरीत जो तो घर शोधून राहिलेला. कुणी विचारलं की हे प्रामाणिकपणे सांगायचे, ते घर नका घेऊ, पाण्यात डाळ शिजत नाही. कचेरीत सांगितलं, एसटीत सांगितलं, आणि बघता बघता सगळीकडं झालं. अक्काच्या खोल्यांकडं कुणी फिरकेना. हे मला ह्यांच्याच तोंडून कळत होतं, आणि मी हूं हूं करत भाकरी थापत होते.

मग एका रविवारी, कचेरीत ह्यांचा पत्ता विचारून, अक्काच आमच्या दारात उभी. कपाळाला विभूती, काखेत पितळेची कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. अहमदपूरपासून तशी घेऊन आली होती. हिंदकळून हिंदकळून अर्धं लुगडं ओलं झालेलं.

"सायेब, माझ्या पाण्यात डाळ शिजत न्हाई म्हून समदे म्हनायलेत. मला घरी बसवना. हे माझ्या हिरीचं पाणी हाय. बाईंनी माझ्यासमोर शिजवावी. न्हाई शिजली तर मी उलटून बोलणार न्हाई."

काय करणार? लावली डाळ. ती उंबऱ्याशी बसून राहिली, नजर पातेल्यावर. आणि डाळ शिजली. नुसती शिजली नाही, लोण्यासारखी झाली. हे आत डोकावले आणि त्यांचं तोंड असं उजळलं म्हणता! "अगं, शिजली की! मग घेऊ या ना घर!" अक्काही हसली.

आता ऐका. त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. मी काय म्हणाले? — "पाणी ह्या बाईंच्याच विहिरीचं कशावरून? भाडेकरू मिळावा म्हणून माणसं काय वाट्टेल ते करतात. वाटेत कुठूनही भरून घेता येतं."

अक्काचं हसू विझलं. तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "ह्याची आन हाय, बाई. माझ्याच हिरीचं हाय." मी भिंतीकडं बघत राहिले. हे हळूच म्हणाले, "तसं नसेल गं." मी फटकन म्हणाले, "मग राहा तुम्ही तिथं. एकटेच." ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना भांडण झेपत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर बोलले.

ती जेवली नाही. चहासुद्धा घेतला नाही. कळशीत निम्मं पाणी उरलं होतं. जाताना म्हणाली, "हे घ्या वतून. दुस्काळाचं वाया कशाला घालायचं?" आणि मी ओतून घेतलं. लाज नाही वाटली का? वाटली. तरी घेतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही तेच प्यायलो. चवीला गोड होतं.

पुढं तिनं घर विकलं आणि उदगीरला भावाकडं गेली, हेही ह्यांनीच सांगितलं. स्वतःच्या विहिरीची मालकीण भावजयीच्या हाताखाली गेली. ह्यांना नांदेडला बदली मिळाली ती पुष्कळ वर्षांनी. तोवर पोटाचं दुखणं कायमचं झालं होतं. अक्का आज आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. हिंमत झाली नाही, असं म्हणणार होते — तेही खोटंच. मला करायचीच नव्हती.

आणि हे? ह्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तो आजतागायत. दुष्काळाचा विषय निघाला की पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगतात — एक बाई दुसऱ्याच विहिरीचं पाणी घेऊन आमच्या दारात आली होती, पण आमच्या हिनं कसं बरोबर पकडलं! परवा पुतण्या जेवायला आला होता, त्यालाही सांगितलं. सांगता सांगता माझ्याकडं वळून म्हणाले, "खरं की नाही गं?" मी म्हणाले, "हाव, खरंय." आणि पुतण्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली.