वांग्यांचं लोह, मामाजींचं तोंड

"अबे कोणी पाणी आना! पाणी! माह्या तोंडात काय मेलं हे?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या अंगणातल्या नळापाशी उकिडवे बसून ओरडत होते आणि त्यांच्या तोंडातून काळी शाई गळत होती.

हे वाक्य मी अजिबात वाढवून लिहिलेलं नाही. (पुढची काही लिहिली आहेत.) शाई म्हणजे शाईच! ओठ काळे, दात काळे, जीभ तर अशी की दौतीत बुडवून काढलेली. आणि हे सगळं घडत होतं नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी मामाजींपुढे आमचं तोंड उजळ दिसायला हवं होतं.

त्याचं असं आहे. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना आमचं घर लागतं, वावरातच. वांगी, मेथी, पालक पिकवायचं आणि अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायचं, हा आमचा धंदा. आमचा म्हणजे वंदनाचा, माझ्या बायकोचा. मी गाडी चालवतो. बाजारात तिला सगळे "वंदनाताई, आज वांगे आनले काय?" असं विचारतात. मला "ओ भाऊ, गाडी सरकवा" असं म्हणतात.

मामाजींचं वावर बार्शीटाकळीच्या पलीकडे, नदीकाठी. माती अशी साजरी की काठी रोवली तर काठीलाही शेंगा याव्यात! आता वय झालं, मामाजींच्यानं होईना. मुलगा नाही, दोन मुली, दोन जावई. मोठे जावई म्हणजे माझे साडू विलासराव, मुक्काम अमरावती. त्यांना त्या वावरात सागवान लावून मोकळं व्हायचं होतं. वर्षातून एकदा येणार, झाडांखाली फोटो काढणार, परत जाणार. वंदनाला तिथे भाजी करायची होती. लहानपणापासून तिनं त्याच वावरात मेथी खुडली होती, आणि ते वावर सागवानाखाली जाणार ह्या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मामाजींनी निकाल लावायची तारीख मात्र सांगितली नाही, पद्धत सांगितली. "दोघायच्याबी घरी जातो. कोण मातीले जपते, कोण नाई, ते डोयानं पायतो. मंग ठरवतो."

अमरावतीला त्यांनी विलासरावांच्या गच्चीवरच्या कुंड्या पाहिल्या. त्या हिरव्यागार होत्या. (दोन प्लॅस्टिकच्या होत्या, पण मामाजींना चष्मा नव्हता.)

आणि इकडे आमची वांगी पिवळी पडली होती! पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला सगळा भाग पिवळा. जणू कोणी पान रंगवायला घेतलं आणि रंग संपला म्हणून उठून गेलं. वंदना रोज एकेक पान हातात घेऊन माझ्याकडे बघायची, जसं काही मीच चाटून पिवळं केलंय. मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, "आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त असली की पिकाला लोह मिळत नाही." तो पुढेही बरंच काही म्हणाला असणार. पण मला उत्तर सापडलं होतं. लोह नाही! आणायचं, घालायचं, विषय संपला!

कृषी केंद्रात गेलो. दुकानदार म्हणाला, "हिराकस घ्या भाऊ. लोहच राह्यते त्यात. पाण्यात जरासं टाका, पानावर फवारा."

"जरासं म्हणजे किती?"

"जरासं म्हणजे जरासं. मायनं भाजीत मीठ टाकल्यावानी."

मी पोतडंच घेतलं. आमच्या मायचा हात खारट आहे.

आता फवारायचं म्हणजे पाठीला पंप बांधा, ओळीओळीनं वाका, नाकातोंडात जाऊ द्या... माझी कंबर ह्या कामासाठी जन्मलेली नाही. आणि मी विचार केला (इथेच सगळं बिघडतं), माणूस आजारी पडला तर डॉक्टर त्याच्यावर औषध शिंपडतो काय? सलाइन लावतो! मग वांग्यांना ठिबक काय वाईट? छतावरच्या टाकीतून ठिबकला पाणी जातं. टाकीत हिराकस टाकलं की प्रत्येक झाडाला घरबसल्या सलाइन!

सकाळीच चढलो. हिरवट खडे धपाधप टाकीत ओतले, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे वरून लिंबं पिळली, काठीनं ढवळलं. पाणी अगदी नितळ झालं. मी खूश! खाली वंदना मेथीच्या जुड्या गाडीत भरत होती.

"अहो, टाकीत काय टाकून राहिले?"

"औषध."

"कोणाले?"

"वांग्याले!"

"मंग वांग्याले द्या ना, टाकीले काहून देऊन राहिले?"

मी वरूनच सलाइनचं शास्त्र समजावलं. तिनं ते बाजारातलं गिऱ्हाईक किडक्या वांग्याकडे बघतं तशा चेहऱ्यानं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "आज बाबा येनार हायेत. मायले सांगून ठेवा, नळाले याच टाकीचं पाणी येते, ते घरात घेऊ नका म्हना. नाई तं घोटाया होईन." आणि शेजाऱ्याच्या गाडीत बसून बाजाराला गेली, कारण आमच्या गाडीची किल्ली टाकीत पडली होती.

किल्ली काढण्यात माझा वेळ गेला. मग म्हैस पाणी पिईना, तिकडे गेलो. तिनं हौदात तोंड घातलं, हुंगलं, आणि मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मी समजलो, हिची तब्येत बिघडली. तिच्या पोटाला हात लावला, कान पाहिले. (म्हैस मला सांगत होती. मी तिलाच ओवा चारला!) ह्या धावपळीत मायला सांगायचं तेवढं राहिलं.

इतक्यात विलासरावांची कार आली. मागच्या सीटवर मामाजी, गालात सुपारी. मामाजी सुपारीशिवाय मला कधी दिसलेले नाहीत. लग्नात कन्यादान करतानासुद्धा त्यांनी ती गालात एका बाजूला सरकवून घेतली होती. आणि त्यांचा नेम असा की चहाआधी खळखळून चूळ भरायची. ते सरळ नळापाशी गेले, ओंजळ भरली, खळखळवलं, थुंकले.

मग जे ओरडले ते वर आलंच आहे.

माय धावत बाहेर आली. "अवो माय! इवाई, काय झालं? तोंड उघडा! अबे सुधाकर, पानी दे त्यायले!"

मी दिलं. नळाचंच दिलं! मामाजींनी पुन्हा चूळ भरली, आणखी काळे झाले. माय म्हणाली, "अजून दे!" मी तांब्यावर तांब्या देत होतो आणि प्रत्येक तांब्यासरशी मामाजी एकेक छटा गडद होत होते. माझ्या डोक्यात क्षणभर हिराकस आलंही होतं. पण मी हिशेब केला. हिराकस हिरवट, पाणी नितळ, सुपारी तांबडी. ह्या तिघांतून काळं कुठून येणार? म्हणजे हे दुसरंच काहीतरी! अशा वेळी शास्त्रीय विचार करणारा माणूस घरात असला की घराचं भलं होत नाही.

"नजर हाय हे," माय म्हणाली. ती मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाली आणि जाता जाता चुलीवरच्या चहात डोकावून किंचाळली. "दूध नासलं! अन् रंग पाय रे बाप्पा, पाटी पुसल्यावानी!"

खरंच, चहा राखाडी झाला होता. मायनं तो फेकला आणि पाहुण्यांसमोर अब्रू जायला नको म्हणून घाईघाईनं बिनदुधाचा, गुळाचा चहा टाकला. पाणी अर्थात नळाचं. तो चहा उकळताना इतका काळा झाला की पातेल्यात बघावं तर रात्र दिसावी! आणि हाच चहा तिनं विलासरावांच्या हातात दिला.

विलासरावांनी कपात पाहिलं. मग मामाजींकडे पाहिलं. मामाजी त्यांच्याकडेच बघत होते. जावयानं चहा नाकारला तर वावर हातचं जाईल, हे विलासरावांच्या कपाळावर लिहिलेलं मला वाचता येत होतं.

"वा!" विलासराव म्हणाले आणि एक घोट घेतला. "अमरावतीत आमी असाच पितो. कडक."

अख्खा कप प्याले! हसले तेव्हा दात काळे. मायनं हातातल्या मोहऱ्या टाकल्या आणि भिंतीला टेकली. "ह्यायलेबी झालं! लागन हाय हे, लागन!"

आता मामाजी खाटेवर आडवे झाले. डोळे मिटले. "वंदीले बोलवा," ते म्हणाले. "माह्यं काई खरं दिसत नाई. ते वावर..."

मी डावीकडून वाकलो. विलासराव उजवीकडून वाकले.

"हाव मामाजी, वावर?" विलासराव.

"वावर..."

"कोणाले, मामाजी?" मी.

"सरका बे दोघंबी! हवा येऊन नाई राहिली!"

आम्ही सरकलो. मामाजींनी कूस वळवली. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच वाकून होतो, पण हवा सोडून.

शेवटी मामाजींना कारमध्ये घालून बार्शीटाकळीला दवाखान्यात नेलं. वंदनाला फोन केला होता. ती बाजारातून परस्पर तिथेच आली, हातात विकायची राहिलेली मेथीची जुडी तशीच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मामाजींची जीभ पाहिली, विलासरावांची पाहिली, चुकून माझीही पाहिली.

"काय खाल्लं होतं?"

"सुपारी," मामाजी म्हणाले.

"अन् ह्यांनी?"

"च्या," विलासराव क्षीण आवाजात म्हणाले.

"पाणी कुठलं?"

इथे वंदनानं मान वळवली. "अहो. मायले सांगतलं होतं ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर एक गुटगुटीत बाळ होतं. फार छान बाळ होतं.

"अहो?"

"म्हैस आजारी होती," मी म्हणालो.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत सांगितलं की हिराकसातलं लोह आणि सुपारीतला तुरटपणा एकत्र आले की शाईच होते, चहाचंही तसंच. पूर्वी लोक हिरडा आणि हिराकस घालून घरी शाई करायचे. त्यांनी लिंबू कापून मागवलं, मामाजींना चोळायला लावलं, आणि शाई भराभर उतरली. मामाजींनी पाणी गिळलं नव्हतं, त्यांना काही धोका नव्हता. विलासरावांना मात्र त्यांनी संध्याकाळपर्यंत खाटेवर झोपवून ठेवलं. "लोहाच्या गोळ्या आम्ही बायांना देतोच," त्या म्हणाल्या, "पण पातेल्यातून नाही देत."

"म्हंजे मी ते..." विलासराव उठून बसले. "अबे सुधाकर, मले माहीत असतं तं मी पेलो असतो काय?"

"पण अमरावतीत तुमी असाच पेता ना?" मामाजी म्हणाले.

विलासराव पुन्हा आडवे झाले.

मी मात्र अजून गोंधळलेलाच होतो. "डॉक्टरीणबाई, पण जमिनीत लोहच नाई म्हून मी..."

"कोण म्हणालं नाही?" त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी शेती होती. "काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं. चुनखडी ते अडकवून ठेवते, मुळाला उचलता येत नाही. तुम्ही ठिबकनं टाकीभर सोडलं तरी तेही तिथेच अडकणार. म्हणून पानावर फवारतात."

"म्हंजे आहे, पण नाई?"

"आहे. पण कामी येत नाही."

"समजलं मले," मामाजी लिंबाची फोड दातावर घासत म्हणाले. "जवायाच्या अकलीवानी."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं फारसं काम नाही. ठिबकच्या नळ्या गंजाच्या गाळानं बंद पडल्या. टाकी घासून घासून माझी कंबर गेली, जी मी फवारणीपासून वाचवली होती. वंदनानं पाठीला पंप बांधून जरासं हिराकस पानांवर मारलं, आणि वांगी हळूहळू हिरवी झाली. पण सगळ्यात हिरवं झालं ते नळाजवळचं वांगं, जिथे मामाजी थुंकले होते! त्याची पानं सुपाएवढी झाली, वांगं इतकं मोठं लागलं की ते खुडायला मी शिडी लावली. (बरं, शिडी नाही. स्टूल.) शेजारीपाजारी बघायला यायचे. माय त्याला कुंकू लावायची.

मामाजी पुन्हा आले तेव्हा मी त्यांना थेट तिथेच नेलं. "पाहा मामाजी, तुमच्या चुळीची कमाल!"

मामाजींनी वांग्याकडे पाहिलं. वंदनाच्या ओळी बघत बांधाबांधानं फिरले, वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, आणि पुन्हा हळूच तिथेच ठेवलं. वंदना लांब उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मामाजी तिच्यापाशी गेले.

"वंदे, नदीकाठचं वावर तू कर. विलासरावाले मी सांगतलं. ते इकडं याले तयार नाई, त्यायले अजून गुळाचा वास सहन होत नाई."

वंदनानं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. तिचे डोळे भरले होते, आणि मला एकदम फार मोठं काहीतरी करून दाखवावंसं वाटलं. दोन ठिकाणचं वावर, दुप्पट काम! मी छाती पुढे काढली.

"अन् मी, मामाजी? मी तथी काय करू?"

मामाजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"तुमी डबा घेऊन येत जा," ते म्हणाले. "पाणी तथी हाय."