सुतळीच्या आतल्या दूर्वा

शकुन पेंढारकरला एकच गोष्ट दहा वेळा सांगावी लागे, आणि अकराव्यांदा समोरचा विचारी, "म्हणजे काय?"

जन्म कलकत्त्याचाच, नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्याची. चौऱ्याहत्तर सालच्या सुमाराला ती सॉल्ट लेकमध्ये राहायला गेली. तिथली जमीन म्हणजे नदीतला गाळ उपसून दलदलीवर ओतलेला. तुरळक घरं, बाकी माळ. दारासमोर तळं, आणि त्यातले मासे अख्खी वसाहत आवडीनं खायची.

वसाहतीचे सचिव घोषालबाबू यांना दुर्गापूजेआधी तळ्याचा उतार खरवडून चकचकीत करायचा होता.

"गवत काढू नका," शकुन म्हणाली. "या गाळात कारखान्यांचा पारा असणार. तो मातीच्या बारीक कणांना धरून राहतो. गवत गेलं की माती पाण्यात, पारा पाण्यात, मग माशात, मग तुमच्या ताटात."

"पारा तर दिसत नाही, दिदिमणी."

"दिसला असता तर मला बोलायची वेळच आली नसती."

"साप मात्र दिसतात. गवतात."

शेवटी घोषालबाबूंनी पूजेपर्यंत मुदत दिली. सिद्ध करून दाखवा, नाहीतर कुदळी येतील.

शकुननं उतारावर शेजारी-शेजारी दोन पट्टे आखले. एकात दाट दूर्वा, दुसरा खरवडलेला. भोवती सुतळी, पायथ्याला पत्र्याची पन्हळ. पावसानं वाहून आणलेली माती ती बरण्यांत भरी, वाळवी, तोली, आणि चिमूटभर प्रयोगशाळेत पाठवी. प्रयोगशाळेकडून उत्तराचं नाव नाही. शेजारणी विचारत, यंदा लोणचं कसलं?

तेवढ्यात गणपती आले. त्या दिवशी शकुन कॉलेजातून परतली, तर दूर्वांचा पट्टा भुंडा. नुसती उकरलेली माती. तिथूनच ती मराठी मंडळाच्या गणपतीच्या मांडवात गेली. हेमावहिनी परात घेऊन जुड्या बांधत बसल्या होत्या.

"वहिनी, या दूर्वा कुठल्या?"

"तुमच्याच की. बाजारातल्या सुकलेल्या निघाल्या, आणि उद्या सहस्रावर्तन. बघा तरी, काय कोवळ्या आहेत."

"सुतळी बांधली होती ना मी?"

"म्हणून तर घेतल्या. म्हटलं, शकुनताईंनी देवासाठी राखून ठेवल्यात. बाहेरच्या गवतावरून कुत्री फिरतात."

"आणि मुळासकट?"

"ताज्या राहतात. मुळं इथे येऊन खुडली."

"तो प्रयोग होता, वहिनी. आता घोषालबाबू तळ्याचा उतार खरवडणार."

"मग बाप्पाला सांगते ना," हेमावहिनी म्हणाल्या. आणि तिच्या हातात मोदक ठेवला.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस झाला. आता मोजण्यात काय अर्थ, असं पुटपुटत शकुननं सवयीनं बरण्या भरल्या. माती वाळवून तोलली, आणि ती काटा पुन्हा तपासू लागली. उघड्या पट्ट्यावर एव्हाना घट्ट पापुद्रा धरला होता. तिथून माती आली ती नेहमीसारखीच. उपटलेल्या पट्ट्यातून मात्र तिच्या दुप्पट.

तिनं घोषालबाबूंना घरी बोलावलं आणि तीन बरण्या समोर मांडल्या.

"ही दूर्वा असतानाची. तळाला बोटभरही नाही. ही उघड्या पट्ट्याची. आणि ही, आमच्या बायकांनी गवत उपटल्यावरची. तुमच्या कुदळी सगळ्या उतारावर हेच करणार आहेत."

घोषालबाबूंनी तिसरी बरणी उचलून उजेडात धरली. "यात पारा किती?"

"प्रयोगशाळेला विचारा. मी चार पत्रं टाकलीत. पण आत जे काही आहे ते या मातीबरोबर तळ्यात जाणार, एवढं दिसतंय ना?"

"माती दिसतेय," त्यांनी कबूल केलं. "बरं, उपटत नाही. कापतो. बोटभर ठेवतो."

"हातभर."

"दिदिमणी, हातभर गवतात तर वाघ राहील."

"वीतभर. आणि कुदळ आणायची नाही, फक्त विळे."

"वीतभर," घोषालबाबू उसासून म्हणाले. "लोक मला हसणार."

"मला रोजच हसतात. सवय होते."

पूजेच्या आदल्या आठवड्यात विळेवाले आले. त्यांना वीतभर म्हणजे किती, हे कुणीच सांगितलं नव्हतं. शकुन कॉलेजला रजा टाकून, छत्री काखेत मारून उताराच्या मधोमध उभी राहिली आणि प्रत्येकाच्या मुठीपाशी आपली वीत लावून दाखवू लागली. "इथून. नाही, अजून वर. दादा, अजून वर म्हटलं ना."

"म्हणजे काय?" एकानं विचारलं.