आक्काची बोटं, मनीच्या मिशा

"आई गेली गं मावशी..." एवढंच संजू फोनवर बोलू शकला. मी नगरच्या घरी मेथी निवडत होते.

शांताआक्का माझी थोरली बहीण, संजूची आई. कर्जतजवळच्या वस्तीवर तिचा सगळा संसार झाला. शेवटच्या वर्षांत साखरेच्या आजारानं तिची नजर नेली. मग चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं ती हातानं ओळखायला शिकली. मांडीवर येऊन बसणारी मनी मांजरसुद्धा. मनीच्या तोंडावरून बोटं फिरवल्याशिवाय आक्काचा दिवस सुरू होत नसे.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ बसले असताना ती बोटं मध्येच थांबली. "अगं, हिच्या मिशा तुटल्यात. हनुवटीबी खरखरीत लागती. बघ बरं." मी पाहिलं. हनुवटीवर काळे कण, बारीक पुटकुळ्या, एका बाजूच्या मिशा अर्ध्यावर तुटलेल्या. संजू घाबरला. "खरूज असंल, आई. तुझ्या पायाला आधीच जखम हाय. हिला लांब सोडून येतो."

आक्कानं मनीला पदराखाली घेतलं. "आधी डॉक्टरला दाखव. सोडायचीच असंल तर मलाबी सोड तिच्यासंगं."

संजूनं आणि मी मनीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी खरवडून तपासली. खरूज नव्हती. जुन्या, चरे पडलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात खाऊन हनुवटीला त्रास झाला होता. खाजेनं ती तोंड भिंतीला घासायची, त्यात मिशा तुटत होत्या. स्टीलचं भांडं द्या, हनुवटी पुसून औषध लावा, पण मिशा कापू नका, अंधारात मांजर त्यांनीच वाट चाचपतं, असं ते म्हणाले. घरी येऊन सांगितलं तशी आक्कानं मनीच्या मिशा चाचपल्या. मग हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्यावानीच हाय की ही..."

औषध लावायचं काम तिनं कुणाला दिलं नाही. नव्या मिशा बोटांना लागल्या, तेव्हा मला मुद्दाम फोन केला. थंडीत मात्र तिचा पाय चिघळला. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही.

परवा वस्तीवर गेले. संजू ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं मनीची हनुवटी पुसत होता. मला बघून त्यानं मूठ उघडली. आत एक पांढरी मिशी होती.

"आईच्या गोधडीवर सापडली, मावशी. एखादी अशी गळतीच, डॉक्टर म्हनले हुते. तरी पन... नवी येती ना गं?"

मी त्याच्या शेजारी टेकले.

"येती रे," म्हणाले.