हक्कसोडीवर पीएच.डी.

“कुणाच्या सांगण्यावरून?” हा तिचा ठरलेला प्रश्न. ग्रंथालय आज लवकर बंद होणार म्हटलं, की “कुणाच्या सांगण्यावरून?” चहात साखर कमी पडली, तर कॅन्टीनवाल्यालाही तेच. तो एकदा वैतागून म्हणाला, “डॉक्टरच्या! मला शुगर निघालीय मॅडम, आता सगळ्यांनीच कमी खायची.”

मी पनवेलच्या एका विधी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संशोधक तुम्हीही पाहिले असतील. नोंदणी झाली की पेढे वाटतात, पुस्तकं घरी नेतात आणि गायब होतात. ही रोज यायची. चाळिशीची, विचुंब्याच्या आगरी शेतकऱ्याची मुलगी. मुलं मोठी झाल्यावर तिने एलएल.एम. केलं आणि पीएच.डी.ला विषय घेतला हक्कसोडपत्राचा. बहिणी वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून देतात, तो कागद. आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून हे फार चालतं. भाऊ गाडी पाठवतात, बहिणी नवी साडी नेसून सह्या करतात, येताना सगळे हॉटेलात जेवतात. कायद्याने वाटा सारखा. तरी त्या सह्या का करतात, हे तिला बायकांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

एकदा मी तिच्याबरोबर जवळच्या आपटा गावी गेले. ओटीवर चार बायका वालाच्या शेंगा सोलत होत्या. हीसुद्धा सोलायला बसली. तासभर विषयाचं नाव नाही.

“अगं, विचार ना,” मी पुटपुटले.

“आधी शेंगा संपू देत.”

शेंगा संपता संपता एक म्हातारी आपणहून म्हणाली, “जमीन घेऊन करू काय, बाय? भावानं दार लावला तर मेल्यावर माजे अंगावर माहेरची साडी कोन टाकल?”

परतताना रिक्षात तिने ते वाक्य लिहून घेतलं.

मग तिचा स्वतःचाच भाऊ ग्रंथालयात आला. सरळ माणूस. लग्नाआधी हाच तिला मोटारसायकलवरून कॉलेजला सोडायचा.

“ताई, बिल्डर थांबलाय. तुजी तेवढी सही राहिली.”

“मी नाही करणार.”

तो आधी हसला. “पुस्तकातला घरात आनू नको. बाकी दोघी बहिनींनी केली ना?”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“आईच्या.”

ती हळूच म्हणाली, “आणि आईने तिच्या वेळी कुणाच्या सांगण्यावरून केली होती?”

त्याचा आवाज चढला. मी त्याला बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. तो गेला तो गेलाच.

मी तिला व्यवहाराचं सांगितलं, “आधी प्रबंध पुरा कर. सही लांबव, काहीतरी कारण काढ. नंतर भांड.”

“लांबवली तर त्या बायकांसमोर कुठल्या तोंडाने बसू?”

तिने घरी स्पष्ट नकार कळवला. दिवाळीत भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. ते तिने गृहीतच धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते पुढे घडलं. बातमी गावोगाव पोचली आणि ज्या घरांत तिला चहा मिळायचा तिथे कुणी बसही म्हणेना. पळस्प्याची एक बाई दारातच म्हणाली, “बाय, तू येव नको आता. आमचे भाव बोलतान, तीच तुमाला शिकवते.”

मार्गदर्शक सर भले. म्हणाले, “गावं सोडा, कोर्टाच्या निकालांवरून लिहा.”

“सर, निकालात कोर्टात गेलेल्या बायका सापडतात. न गेलेल्या कुठे शोधू?”

विद्यापीठाकडून प्रगती अहवाल दोनदा परत आला. एका सकाळी तिने सगळी पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. फाटलेल्या दोन पुस्तकांना तिने स्वतः पुठ्ठे चिकटवले होते. मी नोंद केली आणि ती गेली. पुढे नवऱ्याची बदली झाली, ते पनवेल सोडून गेले.

गेल्या महिन्यात आपट्याची एक बाई ग्रंथालय शोधत आली. पन्नाशीची, घामाघूम.

“ती शिकनारी बाय हाय का?”

“आता येत नाही.”

“माजा भाव परवा गाडी पाठवनार हाय.” एवढं सांगून ती खुर्चीत बसली.

मी जुन्या नंबरवर फोन लावला, लागला नाही. मग मीच सांगितलं: सही केल्याशिवाय वाटा जात नाही, घाई करू नका, आधी एखाद्या वकिलाला दाखवा.

“ता माना ठाव हाय,” ती म्हणाली. “तिनी केली का सही?”

“नाही.”

“मंग माहेरी जाते का ती?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“नाही जात,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, समोरचं पाणी संपवलं आणि पदर सावरत उठली.

“आपट्याची गाडी कवा हाय?”