डोक्याला टेकवलेलं शहाळं

रात्रभर झोडपून पाऊस उघडला होता आणि सेफिना अंगणात बसून चटईसाठी केवड्याच्या पात्या उन्हात पसरत होती. हृदयाची झडप बदलून ती नुकतीच गावी आली होती. ऑपरेशननंतर तिची मूत्रपिंडं रुसली, लघवी आटली. शिरेतून औषधं देऊन, पाणी मोजून डॉक्टरांनी ती कशीबशी मार्गावर आणली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या चुकवू नकोस. आणि शहाळं तूर्त विष समज. त्यातला क्षार अंगात साचला तर हृदय बंद पडेल."

तेवढ्यात कुळाचे प्रमुख लेओतामामा शहाळं सोलून घेऊन आले. त्यांच्या हातचं शहाळं त्या बेटावर कुणी कधी नाकारलं नव्हतं.

"पी पोरी. लघवीला यासारखं औषध नाही."

"मामा, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"ती माझ्याच झाडांची शहाळी पिऊन वाढली. आता मलाच शिकवते होय?"

सेफिनाने शहाळं दोन्ही हातांनी घेतलं, भेट स्वीकारताना टेकवतात तसं डोक्याला टेकवलं आणि मामांच्याच हातात ठेवलं.

"घेतलं, मामा. आता माझ्या वाटचं तुम्ही प्या. मला अजून जगायचंय."

मामा तिच्या गळ्याखालच्या ताज्या व्रणाकडे बघत राहिले. मग त्यांनी शहाळं तोंडाला लावून रिकामं केलं.

"गोड होतं गं तुझ्या वाटचं. बरी झालीस की माझ्या वाटचं तू पी."

"पिईन की. सोडते काय?"

तिने घोटभर पाण्याबरोबर सकाळची गोळी गिळली आणि पात्या उलटायला घेतल्या.