तुटक्या पिनचं पिस्तूल

पिस्तूल गोळ्यांनी कमी झिजतं, मालकाच्या चाळ्यांनी जास्त. नागपुरात बंदूक दुरुस्तीच्या दुकानात मी हे वर्षानुवर्षं घसा फोडून सांगितलं. कोणी ते चामडी पाकिटातच ठेवी आणि पावसाळाभर ते आत गंजत राही. कोणी सिनेमातल्यासारखी वरची सरकती स्लाइड खाडकन सोडी. दसऱ्याचं तर विचारूच नका. शस्त्रपूजेचं ओलं हळदकुंकू थेट फटीत, आणि आठवड्याने ते पिस्तूल माझ्या टेबलावर! मी चिडायचो, गिऱ्हाइकं हसायची.

रामदासपेठेत एक निवृत्त वनाधिकारी राहत. त्यांच्या बाई दसऱ्याला आधी पिस्तुलाला कुंकू लावत, मग साहेबांना. दरवर्षी स्लाइडवर त्याच जागी बोट टेकून तिथला काळा रंग उडाला होता, पांढरा ठिपका पडला होता.

"बाईंना म्हणा फूल वाहा, कुंकू नको."

"तुम्हीच सांगून पाहा. माझं कोण ऐकते?"

एका उन्हाळ्यात बाई गेल्या. पावसाळ्यात साहेब पिस्तूल घेऊन आले; काडतुसाच्या बुडावर आपटून गोळी उडवणारी पिन तुटली होती. दोन महिन्यांत पुन्हा तेच.

"रिकामंच चालवता काय, साहेब? फुकट मार बसून पिनचं टोक उडते. काहून झिजवता चांगली वस्तू?"

"बसल्या बसल्या हात जाते. तो खट् आवाज आला की बरं वाटते."

मला ते ऐकून कसंसंच झालं. पण डोक्यात पिनच होती. कारागिराची अक्कल तेवढीच.

त्या दसऱ्याला दुकानात कानशी, पेचकस पाटावर मांडून, झेंडू वाहून पूजा झाली होती. त्या दिवशी आम्ही कामाच्या हत्यारांना हात लावत नाही. भरदुपारी साहेब आले. कपाळावर मोठा टिळा, स्वतःच लावलेला.

"पुन्हा पिन गेली वाटते. आजच करून द्या."

मी पिस्तूल हातात घेतलं. पांढऱ्या ठिपक्यावर यंदा काहीच नव्हतं. कुंकू होतं ते नळीच्या तोंडाला, कडेकडेने, गोल. मी मान वर केली. साहेबांच्या लाल टिळ्यात एक फिकट कडं उमटलं होतं आणि त्या कड्याच्या आत पुन्हा लाल.

नेहमीच्या सवयीने वाळूच्या पेटीकडे नळी धरून मी स्लाइड ओढली. जिवंत काडतूस बाहेर पडलं आणि टेबलावर घरंगळत गेलं. त्याच्या बुडाला साधा ओरखडाही नव्हता. पिनचं टोक आधीच तुटलेलं होतं. ज्या खोडीवरून मी त्यांना दोनदा झापलं होतं, तिनेच त्यांना माझ्यासमोर उभं ठेवलं होतं.

बाहेरून लोक आपट्याची पानं घेऊन हसत चालले होते. आम्ही दोघं त्या काडतुसाकडे बघत राहिलो.

"आज हत्याराले हात लावत नाही, साहेब," मी कसंबसं म्हणालो.

"मग उद्या?"

"पिनच नाही. मुंबईहून मागवा लागते."

खणात चार पिना होत्या.

पिस्तूल आणि काडतूस मी ठेवून घेतलं. साहेब दर मंगळवारी येऊ लागले. "आली काय?" "नाही जी." मग चहा, आणि ते जात. मंगळवारी जरा उशीर झाला की माझं कामात लक्ष लागत नसे. रस्त्याकडे बघत बसायचो, आणि खरं सांगतो, भीती वाटायची.

अशी पाच वर्षं गेली. एकदा खण उघडा टाकून मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तर त्यांच्या तळहातावर पिन.

"ही कवाची?"

"त्या दसऱ्याच्या आधीची."

"मले वाटलंच होतं."

"मग दर मंगळवारी काहून येता, साहेब?"

"तुम्ही नाही म्हणता, ते ऐकाले."

त्यांनी पिन जागच्या जागी ठेवली, खण लावला आणि खुर्चीत नीट बसले.

"आली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," मी म्हणालो.